एश्बॉर्नमध्ये लावलेला कौल

माझ्या मुलीने नवरात्रातला अखंड दिवा फुंकून विझवला, तेव्हा मी दात घासत होते. हॉलमधून आधी टाळ्या ऐकू आल्या, मग ती जर्मनमध्ये ओरडली, "आजी, एका फुंकरीत!" आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. घरात चार वर्षांचं मूल असताना काहीच ऐकू न येणं वाईट. मी तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आले.

सासूबाई घटासमोर उभ्या होत्या. चौरंगावर परातीत माती पसरलेली, बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून आणलेली, कुंड्यांसाठी म्हणून विकतात ती. तिच्यात गव्हाचे अंकुर बोटभर वर आलेले. मध्ये तांब्याचा कलश, त्यावर नारळ, शेजारी समई. समईच्या वातीतून धुराची बारीक रेघ वर चालली होती. मुलगी खुशीत होती. तिच्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, सतत कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि मेणबत्ती एका दमात विझवली की सगळे टाळ्या वाजवतात. आजी रोज दिव्यापुढे बसते, गाणं म्हणते, पण फुंकर काही मारत नाही, हे ती घट बसल्यापासून बघत होती. म्हातारीला जमत नसेल असं वाटून तिने मदत केली.

सासूबाई तिला रागावल्या नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग हात काढून घेतला, आणि मटकन खाली बसल्या.

"पेटवू या ना परत," मी म्हटलं. तोंडात फेस होता, त्यामुळे ते आणखीच फालतू ऐकू आलं.

"असा नाही पेटवायचा," त्या म्हणाल्या. "आधी कळू दे कशाने गेला तो."

कशाने गेला ते समोर टाळ्या वाजवत उभं होतं. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलमध्ये माझ्या सासऱ्यांची बायपास होणार होती. बाबा कुडाळजवळ राहतात. सासूबाई ऑगस्टमध्ये आमच्याकडे आल्या तेव्हा ते आले नव्हते. पोफळींना पाणी कोण घालणार, हे त्यांचं कारण. घट बसायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या, शिरा चोंदलेल्या निघाल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करून काही दिवस थांबायचं ठरलं. सासूबाई तडक निघणार होत्या. तेव्हा बाबांनीच फोनवर सांगितलं होतं, "तू आता धावाधाव करू नको. तिथेच घट बसव, माझ्या नावाने अखंड दिवा लाव, आणि दसरा करून ये." म्हणून हा दिवा होता. तो त्यांच्या नावाचा होता, आणि तो गेला होता.

मुलीला किटामध्ये सोडून मी परत आले तेव्हा त्या फोनवर होत्या. पलीकडे बाबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना काका म्हणतो. माझ्याशी सासूबाई अगदी पुस्तकी मराठी बोलतात, पण दिराशी बोलताना मालवणीवर येतात. मी चपला काढत होते आणि ऐकत होते.

"भावोजी, उद्याचा थांबवा. आयतवारी गावात जावा, गुरवाकडसून कौल लावून घेवा. तेच्याशिवाय कायएक करूचा नाय." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "आणि सुनेचाय इचारून घेवा."

सुनेचंही विचारून घ्या. म्हणजे माझं.

कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गावच्या देवाला तिकडे प्रश्न विचारतात. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आधी कुठली पाकळी पडते ते सगळे बघत बसतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबांच्या घरात विहीर खणण्यापासून माझ्या नवऱ्याच्या जर्मनीच्या नोकरीपर्यंत सगळं कौल लावून झालं. आमचं लग्न तेवढं कौलाशिवाय झालं. मी वर्ध्याकडची, बौद्ध घरातली. आम्ही रजिस्टर लग्न करून मग घरी सांगितलं, त्यामुळे देवाला विचारायची संधीच कुणाला मिळाली नाही. तो प्रश्न गेली आठ वर्षं त्या घरात तसाच पडून होता, आणि आता रविवारी विचारला जाणार होता.

मला राग आला. खरं सांगायचं तर राग नंतर आला, आधी रडू आलं. या बाईने माझ्या बाळंतपणात मला न्हाऊमाखू घातलं होतं. माझ्या हातची भाकरी त्यांना त्यांच्या लेकीच्या भाकरीहून जास्त आवडते, हे त्या चारचौघांत सांगतात. फक्त देवापाशी मी गेले, फुलं पुढे करायला हात लावला, की अगदी मऊ आवाजात म्हणायच्या, "असू दे गं, मी करते." भांडावं तर कशावरून भांडणार? कुणी काही बोललेलंच नसायचं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नवऱ्याला फोन लावला. तो आठवड्यातले चार दिवस बॉबलिंगेनला प्रोजेक्टवर असतो.

"आल्झो, हे बघ, शांतपणे सांग," तो म्हणाला.

मी शांतपणे सांगितलं नाही. पण त्याला कळलं. "बाबा आईच्या शब्दाशिवाय सही करणार नाहीत," तो म्हणाला. "मी आत्ता बोललो काकांशी. आज सकाळी त्यांना परत दुखलं. डॉक्टर म्हणतात उद्याच करायला हवं. आज संध्याकाळपर्यंत नक्की सांगा, नाहीतर उद्याची जागा दुसऱ्या पेशंटला देतील आणि मग पुढच्या आठवड्याशिवाय मिळणार नाही."

"मग तू सांग आईंना."

"सांगितलं. ती म्हणते, तुला काय कळतं. तू समजाव ना तिला. तुझं तर कामच आहे, देवांचं."

त्याने हे चिडवायला म्हटलं नव्हतं, म्हणून मी फोन आपटला नाही. पण "गेनाऊ, अगदी बरोबर, बघते," म्हणून ठेवला.

माझं काम देवांचं आहे हे मात्र खरं. मी गेली सहा वर्षं हत्तुशाच्या मागे आहे. हत्तुशा ही साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हित्ती लोकांची राजधानी. आजच्या तुर्कस्तानात तिचे दगडी पाये उरलेत. मी दोनदा गेले आहे तिथे. मोठ्या देवळाचा आराखडा जमिनीवर अजून स्वच्छ दिसतो. आत दोन गाभारे, एक वादळाच्या देवाचा, एक सूर्यदेवीचा, असं मानतात. भोवती कोठारंच कोठारं, माणूस आत उभा राहील एवढे रांजण अर्धे जमिनीत पुरलेले. देवळात स्वयंपाकी, भटारी, गायक, पहारेकरी, झाडूवाले, सगळे. देवाला रोज भाकरी, रोज बिअर, सणाला मेंढा. आणि हे सगळं मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलेलं. त्या पाट्यांची छायाचित्रं आणि ठसे आमच्या इन्स्टिटूटमध्ये आहेत, त्यांच्यासाठी मी आमच्या एश्बॉर्नहून एस-बानच्या लोकल बदलत जाते-येते. सासूबाईंनी माझ्या कामाचं वर्णन एकदा शेजारणीला करून सांगितलं होतं, "जे देव मेले त्यांचा हिशोब ठेवते ती."

आणि माझा विषय त्यातही काय, तर राजा आजारी पडला की देवळात होणारी चौकशी. राजाला ताप आला, की कुठल्यातरी देवाचा कोप आहे असं धरायचं आणि कोप कशाचा हे शोधत बसायचं. देवळातल्या लोकांना बोलावून विचारायचं, काय चुकलं? ते सांगायचे: एक सण राहिला, भाकरी चुकली, कुत्रं आत शिरलं. मग देवाला एकेक विचारायचं. याचा राग आहे का? नाही? मग त्याचा आहे का? हो? मग फक्त त्याचाच, की आणखी कशाचा? उत्तर हो की नाही एवढंच. पाट्याच्या पाट्या भरल्यात अशा प्रश्नांनी. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, हे वाचताना झोप येते. मला कधी आली नाही. या पाट्यांमध्ये माणसं घाबरलेली दिसतात.

हे सगळं माझ्या लॅपटॉपवर स्वयंपाकघरात उघडं होतं, आणि पलीकडच्या खोलीत माझ्या सासूबाई तेच करत बसल्या होत्या. मला मात्र ते दुपारपर्यंत सुचलं नाही. दुपारपर्यंत मी त्यांच्याशी डोकं लढवलं.

मी म्हटलं, दिवा विझला कारण एका लहान मुलीने फुंकर मारली. त्या म्हणाल्या, तिला फुंकायची बुद्धी आजच का झाली? मी म्हटलं, अहो आई, रोज कुणाचा ना कुणाचा दिवा विझत असेल. त्या म्हणाल्या, विझत असेल, पण त्यांचा नवरा उद्या टेबलावर असतो का? मी म्हटलं, डॉक्टरांना देवापेक्षा जास्त कळतं. हे बोलून मी घोडचूक केली. त्या उठल्या, चौरंगावरचं फूल नीट करू लागल्या, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "तुला काय कळतंय गं त्यातलं?"

मग मात्र मी बोलले. माझ्या जिभेला तसंही हाड नाही. "सकाळी काकांना काय सांगितलंत ते ऐकलं मी. सुनेचं विचारा म्हणून."

त्यांचा हात फुलावरच थांबला.

"रविवारी विचारणार होता ना? तोपर्यंत बाबांना काही झालं तर? मग कोणाला विचाराल?"

त्या वळल्या. चेहरा पार उतरला होता. गेले काही दिवस त्या दिवसातून एकदाच फराळ करत होत्या, बाकी पाण्यावर. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

"मी दुष्ट नाही गं," त्या म्हणाल्या. "पण माझा माणूस आहे तो. काय राहिलं असेल, काय चुकलं असेल, सगळं विचारायला नको का? एकही गोष्ट विचारायची ठेवली, आणि नेमकी तीच निघाली तर?"

हे वाक्य मी वाचलेलं होतं. याच शब्दांत नाही, पण याच भीतीने लिहिलेलं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि त्यांना हत्तुशा सांगितली. एरवी मी माझ्या कामाबद्दल घरात बोलत नाही, कारण नवरा दोन वाक्यांनंतर फोन बघायला लागतो. सासूबाई मात्र ऐकत राहिल्या. राजा आजारी, देवळात चौकशी, एकेक प्रश्न, हो की नाही.

"म्हणजे कौलच की," त्या म्हणाल्या.

"कौलच."

"आणि उत्तर वाईट आलं तर?"

"तर थांबायचे नाहीत. कारण शोधायचे, मग देवाशी ठरवायचे. सण राहिला असेल तर दुप्पट करतो, भाकरी चुकली असेल तर भरून देतो. आणि देवाला ऐकवायचेसुद्धा. आम्ही सगळे मेलो तर तुला भाकरी कोण देणार?"

त्यांना हे आवडलं. इतक्या वेळात पहिल्यांदा तोंडावर काहीतरी हललं. "आमचा गुरवही बोलतो तसं देवाशी," त्या म्हणाल्या. मग पुन्हा विचारात पडल्या. "कोण विचारायचं तिकडे? पुजारीच ना?"

"पुजारी होते. पण एक प्रकार असा होता की तो फक्त बायका करायच्या. म्हाताऱ्या बायका. त्यांचं ते कामच होतं."

त्या बराच वेळ नारळाकडे बघत राहिल्या. हॉलमध्ये हीटिंग चालू होतं, खाली रस्त्यावरून ऑफिसातली माणसं जेवून परत चालली होती. कोल्हापुरात तेव्हा संध्याकाळ होत आली होती.

"मग इथेच लावू," त्या म्हणाल्या.

"लावा."

"मी नाही. ज्याचं गाऱ्हाणं असतं तो हात जोडून बसतो, पाकळ्या लावणारा हात दुसऱ्याचा लागतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू लाव."

ज्या बाईने मला आठ वर्षांत देवाच्या ताम्हनाला हात लावू दिला नव्हता, ती मला गुरव हो म्हणत होती. घरात दुसरं माणूसच नव्हतं, हे खरं कारण. पण माझ्या बाजूनेही गोष्ट सोपी नव्हती. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. देवदेवता मानणार नाही, पूजा करणार नाही, हे मी वाचायला शिकले तेच त्या भिंतीवरून. लग्नानंतर निघताना माझ्या वडिलांनी मला एवढंच सांगितलं होतं, "कुणाच्या देवाची निंदा करू नकोस, आणि कुणाच्या देवापुढे वाकू नकोस." पहिली गोष्ट मी थोडीफार पाळली. दुसरी पूर्ण पाळली होती, त्या दुपारपर्यंत.

मी नाही म्हणू शकले असते. त्याचा मला अधिकारही होता. पण मी नाही म्हटलं असतं, तर त्या रविवारची वाट बघत बसल्या असत्या, आणि बाबांकडे रविवारपर्यंत वेळ होता की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबा मला आवडतात. आमच्या लग्नाची बातमी कळल्यावर त्या घरातून मला पहिला फोन त्यांनी केला होता, आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे आमच्याकडे पाऊस कसा आहे ते विचारलं होतं. त्या माणसासाठी मी चार पाकळ्या चिकटवायला तयार होते. माझ्या मनाचं मी सांभाळून घेईन, असं मी ठरवलं. वडिलांना सांगायचं की नाही हे तेव्हा ठरवलं नाही.

बाल्कनीत झेंडू होता. इथल्या रोपवाटिकेतला, बुटका, वास नसलेला. मी पाकळ्या तोडून आणल्या. नारळाच्या शेंडीच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक, पाण्यात बुडवून चिकटवली. सासूबाईंनी पदर घेतला, हात जोडले, आणि एकदम मालवणीत सुरू झाल्या. आवाज त्यांचा राहिलाच नाही, मोठा आणि खडा झाला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या परमुलखात तुझी लेकरां तुका गाऱ्हाणा घालतत, म्हाराजा!"

मग थांबल्या आणि डोळ्यांनी मला खूण केली. गाऱ्हाण्याला ओ देणारं कुणीतरी लागतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"ह्या घरातल्या पोराच्या फुंकरेन जर तुझो कोप झालो आसात, तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

आम्ही बघत बसलो. ओली पाकळी लवकर पडत नाही. फोन वाजला, काकांचा होता. सासूबाईंनी उचलला नाही. पुन्हा वाजला. मी पाकळ्यांवरची नजर काढली नाही. आणि माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात डावी पड, डावी पड, असं म्हणतेय. आपल्या मुलीचं नाव असल्या प्रश्नात आलं की माणूस काय काय म्हणायला लागतं.

डावी पडली.

सासूबाईंनी श्वास सोडला आणि पदराने डोळे पुसले. "पोरीवर राग नाही देवीचा," त्या मला म्हणाल्या, जणू मीच जास्त घाबरले होते. मी घाबरले होतेच.

मी नव्या पाकळ्या लावल्या. दुसरा प्रश्न त्यांचा असा होता, की घट गावात न बसवता इथे, दुसऱ्यांच्या मुलखात, बाजारच्या मातीत बसवला याचा राग आहे का. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा माझं व्हय म्हाराजा. या वेळी फार वेळ लागला नाही. पुन्हा डावी.

फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी मी घेतला. काका म्हणाले, "वहिनींना सांग, डॉक्टर खाली उतरलेत. हो की नाही ते आत्ता सांगा म्हणतात. दादा काही बोलत नाही, नुसता पंख्याकडे बघून पडलाय."

"पाच मिनिटं," मी म्हटलं. "काका, त्यांना जाऊ देऊ नका."

मी परत आले तेव्हा सासूबाई तशाच हात जोडून बसल्या होत्या. गाऱ्हाणं सुरू करत नव्हत्या. मी पाकळ्या भिजवल्या, लावल्या, वाट बघितली. त्या खाली बघत होत्या. फुंकर झाली, माती झाली. आता काय उरलं होतं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सकाळी फोनवर आवाज खाली आणून जे बोलल्या होत्या ते आता माझ्या तोंडावर मोठ्याने बोलायचं होतं, आणि ते त्यांच्याने होईना.

मला वाटलं होतं की त्यांची ही अडचण बघून मला बरं वाटेल. नाही वाटलं. मला फक्त ते संपवायचं होतं. हत्तुशाच्या पाट्यांत कुठलाही प्रश्न मध्येच सोडलेला नसतो. सोडला तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरत नाही. आणि दुसरं, रविवारी माझ्या पाठीमागे, मी कधी न पाहिलेल्या देवळात, दहा पुरुषांसमोर तो प्रश्न विचारला जाण्यापेक्षा इथे विचारलेला बरा. म्हणून मीच सुरू केलं. मला मालवणी येत नाही. मी माझ्या मराठीत म्हटलं.

"देवी, या घरात मी सून म्हणून आले. मी बौद्धाची मुलगी आहे. तुला मानत नाही. मी या घरात आहे म्हणून जर तुझा कोप असेल, आणि त्यामुळे बाबांना दुखणं आलं असेल, तर उजवा कौल दे."

व्हय म्हाराजा म्हणायचं काम आता त्यांचं होतं. त्या म्हणाल्या नाहीत.

मी नारळाकडे बघत होते. उजवी पाकळी वरच्या बाजूने सुटली. खालच्या टोकाने तेवढी चिकटून राहिली आणि बाहेरच्या अंगाला कलली. डावी जागची हलली नव्हती. माझे कान तापले. मी यातलं काहीही मानत नाही, हे मला पाठ आहे, तरी त्या क्षणी त्या एवढ्याशा पिवळ्या पाकळीने मला घराबाहेर उभं केलं होतं. मला माझ्या आईची आठवण आली.

सासूबाईंनी हात पुढे केला आणि तळव्याने नारळ पुसला. दोन्ही पाकळ्या मातीत पडल्या. कुठली आधी ते सांगता येणार नाही, कारण त्यांनी दोन्ही एकदमच पाडल्या.

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्याकडून फोन घेतला आणि काकांना लावला. "त्यांच्याकडे द्या," म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "उद्या जा तुम्ही आत."

पलीकडे बाबांचा आवाज फार बारीक झाला होता. "कौल मिळाला?"

"नाही."

"मग?"

"मग काय? कौल नाही. मी सांगते म्हणून जा."

बाबांच्या मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला. मी सासूबाईंचा दंड धरला. शेवटी बाबा म्हणाले, "तू सांगतेस?"

"मी सांगते."

"बरं," बाबा म्हणाले. मग काकांना म्हणाले, "चष्मा दे माझा, सही कुठे करायची?"

रात्रभर आम्ही दोघी झोपलो असं म्हणता येणार नाही, पण त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ऑपरेशन लांबलं आणि नीट झालं. शुद्धीवर आल्यावर बाबांनी काकांना बजावलं म्हणे, की कौल न मिळता टेबलावर गेलो हे गुरवाच्या कानावर घालू नकोस. नवरा बॉबलिंगेनहून आला, आईच्या गळ्यात पडून रडला, आणि मला म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, तूच समजावशील?" वडिलांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सासऱ्यांना जेवण जातंय का ते विचारलं.

दसरा झाला, घट उठले. सासूबाईंचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. आम्ही दोघी त्यांची बॅग भरत होतो. नातीचे फोटो, बाबांसाठी लोकरी मोजे, शेजारणींसाठी चॉकलेटं, आणि नेहमीप्रमाणे वजन जास्त होत होतं. तेव्हा मी विचारलं. इतके दिवस विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"आई, त्या दिवशी पाकळ्या का पुसल्यात?"

त्या मोज्यांची घडी करत होत्या. "उजवी सुटली होती," त्या म्हणाल्या. "दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"मग? पडली असती तर मी घरातून कोणाला बाहेर काढायचं होतं? तुला की देवीला?"

त्यांनी मोजे बॅगेच्या कोपऱ्यात कोंबले आणि झाकण दाबून बघितलं, ते बंद होईना. "बस जरा वरती," त्या म्हणाल्या. मी बॅगेवर बसले आणि त्यांनी चेन ओढली.